दिवा आधी उतरवा, सिलिंडरचं नंतर बघू

पत्र : मी शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत हॉलमध्ये दोन फुटी प्लांटेड टँक, म्हणजे खऱ्या झाडांचं मत्स्यालय, केला (२४ × १२ × १५ इंच). वर ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट टांगलाय, सकाळी नऊ ते रात्री आठ चालू असतो. झाडांत रेड रोटाला, तळावर गालिच्यासारखं पसरणारं मॉन्टे कार्लो, अनुबियास आणि व्हॅलिसनेरिया. माशांत आठ निऑन टेट्रा आणि काही गप्पी. पाणी कधी नळाचं, कधी बोअरचं. पहिला महिना इतका छान गेला की शेजारपाजारचे बघायला यायचे. आता सगळ्यावर हिरवं केसाळ शेवाळ चढलंय आणि मॉन्टे कार्लो पिवळं पडून उपटून वर येतंय. दुकानदार म्हणतो, सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर लावा, साडेनऊ हजारांत सगळं बसवून देतो. भाचा म्हणतो, साखर-यीस्टची बाटली करून देतो, शंभर रुपयांत काम. सासूबाई म्हणतात, घरात लहान मूल आहे, सिलिंडर उंबऱ्याच्या आत यायचा नाही. कुणाचं ऐकू? आणि मुळात लाइटच चुकीची घेतली का?
– एक वाचक, अकोला

ताई,

हो, लाइटच चुकीची घेतलीत. म्हणजे दिवा वाईट नाही, तुमच्या टँकला फार झाला. म्हणून तिघांपैकी कुणाचंही ऐकायच्या आधी आज संध्याकाळी तो बंद करा आणि उद्यापासून सहाच तास लावा. याला एक पैसा लागत नाही आणि शेवाळाचा जोर निम्मा यानेच मोडेल.

हिशेब करून बघा. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. बऱ्यापैकी फ्लडलाइट वॅटमागे ८० ते १०० ल्युमेन देतो, म्हणजे तुमचा साधारण साडेचार हजार ल्युमेनचा. टँक काचेच्या मापाने ७० लिटरचा. माती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं ५५ लिटर. लिटरमागे झाले ८० ल्युमेन. फ्लडलाइटचा झोत चांगला रुंद फाकतो, त्यामुळे निम्मा उजेड भिंतीवर आणि सोफ्यावर सांडतो असं धरू. तरी लिटरमागे ४० उरले. सीओटू न देता चालवायच्या टँकला १० ते २० पुरतात. वीस ते चाळीसच्या मध्ये सीओटू असलेला बरा, आणि चाळीसच्या पुढे तो नसेल तर शेवाळ येतंच. तुम्ही तिथे रोज अकरा तास उभ्या आहात.

आता कुणी तुम्हाला ‘लिटरला अमुक वॅट’ असा नियम सांगेल. तो जुन्या जाड ट्यूबलाइटच्या काळातला आहे. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. त्यातून उजेड किती निघाला हे दिव्यागणिक बदलतं, एलईडी आल्यापासून तर फारच. खोक्यावरचे ल्युमेन बघा. खास टँकसाठीचा दिवा घेत असाल तर कंपनी कधी कधी ‘पार’चा तक्ता देते, म्हणजे किती खोलीवर झाडाच्या उपयोगाचा किती उजेड पोचतो याचा. तळाशी ३०च्या आसपास असेल तर तो कमी उजेडाचा टँक, पन्नाशी ओलांडली की जास्त उजेडाचा.

उजेड वाढला की बिघडतं काय, हे एकदा नीट समजून घेतलंत तर पुढचे सगळे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. झाडाच्या कोरड्या वजनातला ४० टक्क्यांच्या आसपास भाग कार्बन असतो आणि तो त्याला सीओटूतून मिळवावा लागतो. जमिनीवरच्या झाडाला हवा हवी तेवढी आहे. पाण्यात मात्र दोन अडचणी. हवेच्या संगतीत राहिलेल्या पाण्यात लिटरमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच सीओटू मुरतो. माशांचा श्वास आणि मातीतलं कुजणं धरून दोन-तीन मिलिग्रॅम. आणि पाण्यात वायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी, त्यामुळे जे आहे तेही पानापर्यंत रखडत पोचतं. दिवा म्हणजे पंगत बसवणारा यजमान. त्याने दोनशे पानं मांडली आणि आत भात वीस जणांचाच शिजलाय, अशी तुमच्या टँकची गत झाली आहे. पान उपाशी राहतं, मलूल होतं, त्यातून अन्नरस पाण्यात झिरपतो आणि थोडक्यात भागवणारं शेवाळ त्यावर बसतं. मग आपण शेवाळाला शिव्या देतो.

तुमचा पहिला महिना छान का गेला, याचंही उत्तर यातच आहे. दुकानात येणारी बरीचशी झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांच्या पानांना हवेतला सीओटू भरपूर मिळालेला, खोडात साठा भरलेला. घरी आणून बुडवली की महिनाभर ती त्या शिदोरीवर काढतात. शिदोरी संपली की जुनी पानं गळतात आणि पाण्यातली नवी पानं उभी करायला कार्बन लागतो. मॉन्टे कार्लो तिथेच अडकलं.

मग आता सीओटू द्यायचा का? दुकानदाराचं म्हणणं तसं खोटं नाही. एवढा उजेड ठेवायचा तर सीओटू हवाच. फक्त त्याने प्रश्न उलट्या बाजूने धरला. उजेड कमी केला तर साडेनऊ हजारांची गरजच राहत नाही. माझा सल्ला असा : उजेड उतरवा, झाडं त्या उजेडाला साजेशी ठेवा, दोन महिने असा टँक चालवून बघा. त्यानंतरही लाल रोटाला आणि हिरवा गालिचाच हवा असेल तर खुशाल सिलिंडर आणा. तेव्हा तुम्हाला टँक वाचताही येत असेल. आज आणलात तर शेवाळ, गॅस, खत आणि मासे अशी चार नवी डोकेदुखी एकाच वेळी शिकावी लागेल, तीही उन्हाळा तोंडावर असताना.

आणि क्रमही लक्षात असू द्या. उजेड न वाढवता सीओटू दिला तर झाडं त्या कमी उजेडातही आधीपेक्षा चांगली वाढतात. सीओटू न देता उजेड वाढवला तर काय होतं ते तुम्ही बघतच आहात. त्यामुळे कधीही वर चढायचं झालं तर आधी सीओटू, मग उजेड.

दिवा कोणता, ते सांगते. तुमच्या मापाला १८ ते २० वॅटचा, ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाची रंगछटा) साधा पांढरा एलईडी पुरे. फ्लडलाइटच आवडत असेल तर २० वॅटचा घ्या आणि पाण्यापासून सात-आठ इंच वर टांगा. सांडलवंड जाऊन लिटरमागे वीसच्या आतबाहेर पडेल. केल्विनच्या आकड्यावरून लोक हातघाईवर येतात, पण झाड चार हजारांतही वाढतं आणि साडेसहा हजारांतही. फरक आपल्या डोळ्यांना. पिवळसर दिव्यात पाणी गढूळ वाटतं, पांढऱ्यात स्वच्छ. लाल-हिरवे-निळे वेगळे एलईडी असलेले महाग दिवे मिळतात, त्यांत लाल झाड जास्त लाल दिसतं आणि माशांचे रंग खुलतात. ऐपत असेल तर घ्या, मी नाही म्हणणार नाही, पण झाडासाठी घेतेय असं घरात सांगू नका. त्यांच्यातला एकच गुण मला खरोखर मोलाचा वाटतो, तो म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय. साध्या फ्लडलाइटला ती नसते.

तो ५० वॅटचा अंगणात लावा.

वेळ सहा तास, सलग. महिन्याभराने शेवाळ आटोक्यात आलं तर सात-आठ. तुम्ही शाळेतून आल्यावर बघायचं असेल तर दुपारी तीन ते नऊ ठेवा. झाडांना सकाळच हवी असं काही नाही. फक्त खिडकीतून थेट ऊन टँकवर पडत असेल तर पडदा लावा, ते ऊन आपल्या हिशेबात धरलेलं नाही. दिव्याला टायमर लावा, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. चकतीचा, दाते दाबायचा जो स्वस्त टायमर मिळतो तो लाइट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. रोज तासभर लाइट जात असेल तर आठवड्याने तुमचा दिवा सात तास उशिरा लागतो आणि मध्यरात्रीनंतरही जळत राहतो. बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर घ्या. आणि दिव्याची वायर सॉकेटच्या खाली एक झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलावरून खाली गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात ईएलसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर टँकचं निमित्त करून बसवून घ्या. मूल लहान आहे म्हणता, तर मला सिलिंडरपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

शेवाळ काढायचं ते हाताने. जुना टूथब्रश त्यात घालून गोल फिरवला की केसाळ शेवाळ शेवया गुंडाळाव्यात तसं गुंडाळून येतं. जी पानं पूर्ण माखली आहेत ती पुसत बसू नका, कापा. आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदला, माशांचं खाणं निम्म्यावर आणा. दुकानात ‘सियामीज अल्गी ईटर’ गळ्यात मारतील, तो पाच-सहा इंच वाढतो, तुमच्या टँकचा नव्हे. आणि कापलेला झाडपाला नाल्यात किंवा मोर्णा नदीत सोडू नका, कुंडीत घाला. जलपर्णीने नद्यांचं काय केलं ते आपण बघतोच.

झाडांचं सांगायचं तर अनुबियास आणि व्हॅलिसनेरिया राहतील. अनुबियासचं जाड आडवं खोड मातीत पुरलेलं असेल तर वर काढून दगडाला दोऱ्याने बांधा, पुरलं की ते कुजतं. रोटाला जगेल, पण हिरवट आणि लांबोडी होईल. तिचे शेंडे कापून मागच्या बाजूला दाटीने लावा, बरी दिसते. मॉन्टे कार्लोचा नाद सध्या सोडा. गालिच्याची हौस ड्वार्फ सॅजिटेरियावर भागवा, सावकाश पसरते पण पसरते. मध्ये क्रिप्टोकोरिन लावा. लावल्या लावल्या तिची पानं वितळल्यासारखी गळतील, घाबरून उपटू नका, मुळातून नवी येतात. क्रिप्टोकोरिनच्या दोन जाती, स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीच्या पाण्यातल्याच आहेत. पण विकत घ्याल ती नर्सरीतली घ्या, ओढ्यातून उपटून आणलेली नको. वर थोडं तरंगतं काही सोडलंत, सॅल्विनिया वगैरे, तर उजेडही कापला जातो आणि त्याला सीओटू थेट हवेतून मिळत असल्याने ते झपाट्याने वाढतं आणि पाण्यातलं नायट्रेट ओढून घेतं. अर्धा पृष्ठभाग झाकला की उरलेलं काढून टाकत जा.

फोनवर दिसणाऱ्या त्या हिरव्यागार डोंगरदऱ्यांसारख्या टँकनीच तुम्हाला भुरळ घातली असणार. ही शैली जपानच्या निइगाताच्या ताकाशी अमानो यांनी (१९५४–२०१५) घडवली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी उभारलेला शेवटचा मोठा टँक ४० मीटर लांबीचा. त्या चित्रांच्या मागे सीओटू आहे, खत आहे आणि सतत चालणारी कात्री आहे. झाडं वेगाने वाढतात म्हणजे वेगाने कापावीही लागतात. परीक्षेचे पेपर तपासायच्या दिवसांत दर पंधरवड्याला दोन तास कोपरापर्यंत हात पाण्यात घालायची तयारी आहे का, हे सिलिंडर घेण्याआधी स्वतःला विचारा.

आता समजा दोन महिन्यांनी तुम्ही सिलिंडरवर आलातच.

भाच्याच्या बाटलीला प्रेमाने नाही म्हणा. साखरेवर यीस्ट पोसलं की अल्कोहोल आणि सीओटू तयार होतो, शास्त्र बरोबर आहे. पण त्या बाटलीला नळ नाही. पहिले तीन दिवस धो धो गॅस, मग उतरंड, दोन-तीन आठवड्यांत संपलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात तर आठवडाभरातच. रात्री झाडं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात, तरी बाटली चालूच. आणि सीओटू रोज वर-खाली होत राहिला की काळं, दाढीसारखं शेवाळ येतं, ते या हिरव्यापेक्षा चिवट. सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याच्या सोड्याचा संच त्यापेक्षा बरा, त्याला गेज (दाब दाखवणारा काटा) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पण फुटभराच्या टँकला ठीक, तुमच्या मापाला सारखं भरत बसावं लागेल. ‘लिक्विड सीओटू’ नावाची बाटली मिळते, तिच्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं, म्हणजे दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. शेवाळ मरतं खरं, पण त्याने व्हॅलिसनेरियाही वितळते आणि डोळ्या-त्वचेला ते घातक आहे. लहान मुलाच्या घरात मला ती बाटली नको वाटते.

सिलिंडरचं भय मात्र सासूबाईंना नीट समजावून सांगा, कारण त्यांच्या डोक्यात स्वयंपाकाचा गॅस असणार. सीओटू पेटत नाही, उलट आग विझवायला वापरतात. धोके दोन आणि वेगळे. पहिला दाबाचा. या सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो आणि २५ अंशाला दाब ६४ बारच्या आसपास. ३१ अंशांच्या वर तो द्रव द्रव राहतच नाही आणि तिथून दाब झपाट्याने चढतो. तुमच्याकडे पारा चव्वेचाळीसला जातो. म्हणून हा सिलिंडर वजनावर भरतात आणि मुद्दाम रिकामी जागा ठेवून भरतात. भरणाऱ्याला ‘अजून थोडा भर की’ असं चुकूनही म्हणू नका. भरून आणल्यावर उन्हात उभ्या गाडीत ठेवून भाजी घ्यायला जाऊ नका. गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नका. नेहमी उभा, स्टँडच्या पायाला पट्ट्याने बांधून. आडवा झाला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. आपल्याकडे बरेच जण अग्निशामक विकणाऱ्याकडून दोन किलोचा सिलिंडर घेतात, त्यात गोम अशी की अग्निशामकाच्या आत तळापर्यंत नळी असते आणि ती द्रवच वर फेकते. नळी काढलेला, साध्या व्हॉल्व्हचाच घ्यायचा. गळ्यावर ठोकलेले आकडे वाचा : रिकामं वजन, चाचणीची तारीख. सिलिंडरला मान्यता देणारी केंद्राची ‘पेसो’ ही संस्था, तिचं मुख्यालय तुमच्या विदर्भातच, नागपुरात. ज्यावर काहीच ठोकलेलं नाही, नुसता नवा रंग मारलाय, तो फुकट दिला तरी नको.

दुसरा धोका गळतीचा. दोन किलो सीओटू म्हणजे साधारण अकराशे लिटर वायू. दहा बाय बाराच्या बंद खोलीत तो सगळा एकदम सुटला तर हवेत तीन टक्क्यांच्या वर जातो, आणि त्याने डोकं दुखतं, धाप लागते. म्हणून एसी लावून दारं बंद करून झोपता त्या खोलीत सिलिंडर नको. हॉलमध्ये, दार-खिडक्या उघड्या असताना, बारीक गळती झाली तर फक्त पैसे उडतात. रेग्युलेटरच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून फुगे येतात का ते दर वेळी भरून आणल्यावर बघा. मुलाचा हात पोचणार नाही असं स्टँडचं दार बंद ठेवा. एवढं ऐकल्यावरही सासूबाई नाहीच म्हणाल्या तर नाही. घरातली शांतता मॉन्टे कार्लोपेक्षा महाग असते.

पैसे वाचवायचे तर सिलिंडरवर वाचवा, रेग्युलेटरवर नको. दोन गेजचा, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) असलेला, ज्याचा नीडल व्हॉल्व्ह केसभर फिरवला तर केसभरच फरक पडतो असा घ्या. स्वस्त रेग्युलेटर सिलिंडर संपत आला की अचानक जास्त गॅस सोडतात आणि सकाळी मासे तरंगलेले दिसतात. त्यामुळे मोठ्या गेजचा काटा कायमचा खाली यायला लागला की वाट न बघता भरून आणा. दोन फुटी टँकला गळती नसेल तर दोन किलो वर्षभर सहज पुरतो. नळी सिलिकॉनची नको, तिच्यातून सीओटू झिरपतो, पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या. आणि पाणी उलटं चढू नये म्हणून चेक व्हॉल्व्ह.

किती सोडायचा? ‘सेकंदाला एक बुडबुडा’ हे सगळे सांगतात, पण ती सुरुवात झाली. बुडबुड्याचा आकार प्रत्येकाच्या यंत्रात वेगळा. खरं सांगतो तो ड्रॉप चेकर. काचेच्या त्या छोट्या वाटीत चार डिग्री केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तयार द्रावण आणि दोन थेंब निळा रंग घालायचा. टँकचं पाणी घालायचं नाही, तुमच्या बोअरच्या पाण्याने तर अजिबात नाही, रंग खोटा येईल. डिफ्युझरच्या (पाण्यात गॅसचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या तुकड्याच्या) समोरच्या कोपऱ्यात लावा. निळा म्हणजे कमी, पोपटी-हिरवा म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे माशांना त्रास. हा रंग तास-दोन तास मागे चालतो, त्यामुळे व्हॉल्व्ह फिरवून लगेच निकाल मागू नका. सुरुवात रविवारी करा, घरी असाल तेव्हा. मासे वर येऊन तोंड पृष्ठभागाला लावून भराभर श्वास घेऊ लागले की रंग काहीही असो, गॅस बंद, एअर पंप चालू, थोडं पाणी बदला. गॅस दिव्याच्या दीड-दोन तास आधी सुरू आणि तासभर आधी बंद. खतही तेव्हाच सुरू करा, आधी नाही.

सोलेनॉइड कुठल्या प्लगला लावायचा याचाही विचार करा. हॉलचे काही प्लग इन्व्हर्टरवर असतील. दिवा साध्या लाइनवर आणि सोलेनॉइड इन्व्हर्टरवर असं झालं तर दुपारी लाइट गेल्यावर दिवा बंद आणि गॅस चालू. दोन्ही एकाच साध्या लाइनवर घ्या. वीज गेली की सोलेनॉइड आपोआप मिटतो. इन्व्हर्टरवर ठेवायचा तो फिल्टर आणि एअर पंप.

पाण्याबद्दल. कठीण पाण्यात सीओटू विरघळत नाही असं कुणी सांगेल, ते खरं नाही. तेवढाच विरघळतो, फक्त पीएच तेवढा खाली येत नाही. व्हॅलिसनेरियासारखी झाडं तर बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढतात, म्हणूनच इतर सगळं रडत असताना ती तुमच्याकडे तग धरून असणार. पण तुमचा बोअर खारपाणपट्ट्यातला असेल तर गोष्ट वेगळी, त्यात क्षार फार. काटेपूर्णा धरणातून येणारं नळाचं पाणी साठवून, क्लोरीन काढून तेच वापरा. निऑनना मऊ, थंडसर पाणी लागतं, अकोल्याचा मे त्यांना सोसणं कठीण आहे. ते मेले तर पुन्हा आणू नका. गप्पी मजेत राहतील.

मे महिन्यात पाणी ३०-३१ अंशांवर जाईल. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, तिशीत साडेसात. त्यावर सीओटूची भर नको, त्यामुळे सिलिंडर असला तरी त्या दिवसांत गॅस निम्मा करा आणि फिल्टरचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवा. टँकवर छोटा पंखा तिरका लावा. अकोल्याची हवा कोरडी असल्याने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. मुंबईत हीच युक्ती अर्धीच चालते. पंख्याने पाणी भराभर उडेल आणि क्षार मागे राहतील, म्हणून रोजची ती भर आरओच्या पाण्याने करा, बोअरच्या नको.

सुट्टीत गावाला जाल तेव्हा सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह हाताने बंद करा, सोलेनॉइडच्या भरवशावर सोडू नका. दिवा पाच तासांवर आणा. निघायच्या आदल्या दिवशी अर्धं पाणी बदला आणि कापाकापी उरका. शेजाऱ्यांकडे माशांच्या खाण्याचा डबा देऊ नका, लोक मायेने मूठभर घालतात. चिमूट-चिमूट पुड्या बांधून द्या, दोन दिवसांआड एक, आणि पंख्याने पाणी काचेवर खुणेला चिकटवलेल्या पट्टीखाली गेलं तर बाटलीभर आरओचं घालायला सांगा.